डावा हात मागे

चित्रासमोर उभं राहून तीन-चार मिनिटं झाली असतील, तेव्हा मंजुश्रीचा डावा हात मागे गेला. तिनं तो नेला नव्हता. ही गोष्ट पुढचा आठवडाभर तिला स्वतःलाच पुन्हा पुन्हा सांगावी लागली, कारण हात असा जात नसतो. मेंदूतून आज्ञा निघते, मज्जारज्जूतून खाली उतरते, खांद्याचे स्नायू आखडतात आणि मग हात हलतो. लातुरात मेडिकल प्रवेशपरीक्षेच्या मुलांना प्राणिशास्त्र शिकवताना बावीस वर्षं ती हेच सांगत आली होती, पदराला माईक लावून, फळ्यावर लाल खडूनं बाण काढून. पण त्या शनिवारी दुपारी, वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये, सात नंबरच्या चित्रापुढं, हात आधी गेला आणि तिला नंतर कळलं. कोपरात न वाकता तो मागे गेला, तळवा उघडा, बोटं फाकलेली. मग गुडघे थोडे सैल झाले. मग मान उजवीकडं वळून खाली झुकली, आणि सगळं शरीर त्या तिरप्या अवस्थेत येऊन थांबलं. खाली रस्त्यावर एक एसटी हॉर्न देत वळत होती. डोक्यावरचा पंखा कटकट करत होता. तिला दोन्ही ऐकू येत होतं, आपण अवघडून उभ्या आहोत हेही कळत होतं, सत्तेचाळीस वर्षांची बाई, इरकल साडी, खांद्याला पर्स. तरी तिथून हलावंसं वाटेना. भीती नव्हती. लाजही अजून आली नव्हती. फक्त एक प्रश्न होता, आणि तो इतका स्वच्छ होता की असा प्रश्न आपल्याला शेवटचा कधी पडला होता ते तिला आठवेना. हे काय आहे?

"राहू द्या मॅडम, तसंच," ऋतुजा मागून हळूच म्हणाली. "श्वास तेवढा सोडा." आपण श्वास धरून ठेवलाय हे मंजुश्रीला तेव्हा समजलं.

ऋतुजा तिची जुनी विद्यार्थिनी, नांदेडची. बारा-तेरा वर्षांपूर्वी ती लातुरात होस्टेलला राहून मेडिकलची तयारी करत होती. तेव्हाच्या वर्गात तीनशे मुलं एका बाकावर चार अशी बसायची आणि मंजुश्रीचा नियम होता, दोन्ही हात बाकावर. पेन फिरवायचं नाही, पाय हलवायचे नाहीत, मागं वळायचं नाही. ऋतुजाचे हात कधी बाकावर नसत. ते बाकाखाली काहीतरी मोजत असायचे, एक-दोन-तीन-चार, अंगठ्यानं बोटांच्या पेरांवर. मंजुश्रीनं एकदा तिला उभं केलं होतं, दुसऱ्यांदा तिच्या वडिलांना चिठ्ठी लिहिली होती. त्यात नेमकं काय लिहिलं होतं ते आता आठवत नव्हतं, पण वर्ष संपायच्या आत पोरगी नांदेडला परत गेली आणि मेडिकलला काही बसली नाही, एवढं नक्की. पुढं ती कथक शिकली, कुठं कुठं फिरली, आणि आता नांदेडला स्वतःचे वर्ग घेते असं कळलं होतं. गेल्या आठवड्यात तिचा मेसेज आला. बिलोलीच्या एका निवृत्त चित्रकला शिक्षकांच्या चित्रांचं प्रदर्शन लातुरात भरतंय, आठ दिवस आहे, आणि पहिल्या दिवशी ती त्या चित्रांपुढं एक कार्यशाळा घेतेय. "नाचायचं नाही मॅडम, फक्त हलायचं. या ना." मंजुश्रीला जावंसं वाटलं त्यात कुतूहल होतं आणि त्या चिठ्ठीची जुनी टोचणीही होती. पण प्रत्यक्षात ऋतुजा तिच्या पाया पडली, खुर्ची दिली, आणि चिठ्ठीचा विषय काही निघाला नाही.

सगळ्या मिळून अकरा बायका आल्या होत्या. बँकेतली एक, दोन कॉलेजच्या पोरी, बाकीच्या ओळखीपाळखीच्या. ऋतुजानं प्रत्येकीला एकेका चित्रापुढं उभं केलं आणि सांगितलं, "हे कशाचं चित्र आहे ते शोधू नका. नाव देऊ नका. ते कुठं जड आहे, कुठं हलकं आहे, कुठून कुठं जातंय एवढंच बघा. शरीराला काही करावंसं वाटलं तर करू द्या. नाहीच वाटलं तर नुसतं उभं राहा, तेही चालतं." नाव द्यायचं नाही ही गोष्ट मंजुश्रीला विचित्र वाटली होती. तिच्या धंद्यात नाव देणं हेच तर काम होतं. तिनं मुकाट्यानं बघायला सुरुवात केली. सात नंबरच्या चित्रात वरच्या अंगाला रुंद काळा पट्टा होता, ओला वाटावा असा काळा. त्याखाली पिवळट तांबूस मोकळी जागा, भरपूर, आणि तिच्यातून एक फिकट रेघ तिरपी वर जाऊन काळ्यात शिरत होती. जड वर होतं. हलकं खाली. एवढं तिनं मनात म्हटलं आणि पुढं म्हणण्यासारखं काही उरलं नाही. शेजारी बँकेतली बाई डुलत होती, पलीकडं कॉलेजच्या पोरी एकमेकींकडं बघून हसत होत्या. मग हात गेला.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभं राहून तिनं तो पुन्हा नेऊन पाहिला. आता तो जात होता, पण तिनं नेल्यावर. दोन्हींत फरक होता आणि तो फरक नेमका कुठं आहे ते पकडता येईना. डोळे मिटून केलं, उघडे ठेवून केलं. तिसऱ्या वेळी तिचा नवरा अमरेश दारात येऊन उभा होता. अमरेशची डाळ मिल होती. घरी आला की त्याच्या भुवयांवर तुरीच्या टरफलाची बारीक पूड असायची आणि तो ती कधी पुसत नसे.

"मान आखडली का?" तो म्हणाला.

"नाही."

"मग खांदा. माझ्या मिलवरच्या एकाचा असाच झाला होता. त्याला तेल लावून—"

"दुखत नाही हो काही. आज एका चित्रापुढं हात असा झाला. आपोआप."

अमरेशनं थोडा विचार केला. तो मुळात सावकाश विचार करणारा माणूस, आणि लग्नाच्या तेवीस वर्षांत त्यानं तिला कधी हसण्यावारी नेलं नव्हतं. "आपोआप म्हणजे दचकल्यावर होतो तसा?"

"दचकले नव्हते. उलट फार शांत होते."

"मग कशासारखा?"

तिनं ताटं घेतली. जेवताना तो दोनदा तिच्या डाव्या हाताकडं बघत होता, तिच्याही लक्षात येईल असं.

कशासारखा, हा प्रश्न मात्र चांगला होता. रविवारभर ती त्याला धरून बसली. कपडे वाळत घालताना, पेपर तपासताना. शरीर काहीतरी नक्कल करत असणार असं तिला वाटत होतं. कुठं तरी पाहिलेलं, साठवलेलं, आणि चित्रातल्या जडपणानं ते बाहेर ढकललं असणार. दुपारी पडल्या पडल्या तिला इस्लापूर आठवलं. वडील, अप्पा, रेल्वेत, ती पाच ते नऊ वर्षांची असेपर्यंत इस्लापूरच्या स्टेशनवर. छोटी लाइन होती तेव्हा, कोळशाचं इंजिन. न थांबणारी गाडी यायची तेव्हा फलाटाच्या टोकाला उभं राहून वेताची मोठी कडी वर धरायची असे, तिला अडकवलेल्या चामड्याच्या पिशवीत पुढं जायच्या परवानगीचं टोकन, आणि इंजिनातला माणूस पळत्या गाडीतून हात बाहेर टाकून ती उचलायचा. कडी देणाऱ्याचा हात गाडीच्या वेगाबरोबर मागे जायचा, रिकामा, बोटं उघडी. तिला स्पष्ट दिसलं. खाकी पँट, कोळशाचा वास, पायाखालची खडी. अप्पांचा हात होता तो. तिला इतकं भरून आलं की ती उठून बसली. अप्पांना जाऊन अकरा वर्षं झाली होती आणि ते असे परत येतील, तेही एका अनोळखी माणसाच्या चित्रातून, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. पण तासाभरानं चहा करताना दुसरीच आठवण वर आली. सहस्रकुंडचा धबधबा. काळा खडक, खाली उसळणारं गढूळ पाणी, आणि काठावर अव्वा, तिची आई, एक हात मागे करून उभी. तळवा उघडा, बोटं फाकलेली, मागं लहान मंजुश्री. पुढं येऊ नको असं सांगणारा हात. तोही इतकाच खरा होता. आता दोन झाले, आणि दोन झाल्याबरोबर तिच्यातली मास्तरीण जागी झाली. एका प्रतिसादाला दोन उगम असतील तर त्यातला एक तरी तपासून बघायला हवा.

त्या आधी सोमवार आला. ऋतुजाच्या ओळखीच्या कुणीतरी कार्यशाळेचा व्हिडिओ टाकला होता आणि तो रविवारी रात्रीच तिच्या वर्गातल्या मुलांच्या ग्रुपवर पोचला. ऋतुजाचा घाबरून फोन आला, "मॅडम, मी काढायला लावते, मला विचारलंच नाही त्यांनी." मंजुश्री म्हणाली, थांब, आधी मला पाठव. तिनं तो सात-आठ वेळा पाहिला. आतून जो हात एवढा लांब, एवढा मोठा वाटला होता तो बाहेरून अगदी साधा दिसत होता, ओढणी सावरावी एवढासा. तिला त्याचंच जास्त नवल वाटलं. मग तिनं ऋतुजाला राहू दे म्हणून सांगितलं, आणि बोलणं निघालंच आहे तर विचारून टाकलं, "ऋतुजा, मी तुझ्या वडिलांना चिठ्ठी लिहिली होती. काय लिहिलं होतं?"

"मुलगी हुशार आहे पण स्थिर बसत नाही. हिचं लक्ष हातात असतं, पुस्तकात नसतं. एवढंच होतं मॅडम. पप्पांनी ती वाचली आणि महिन्याभरात मला नेलं."

"वाईट वाटलं असेल."

"हाव, दोन वर्षं लई वाटलं. तुमच्यावर रागच होता. मग कथकच्या बाईंनी पहिल्या दिवशी विचारलं, तुला काय येतं. मी म्हटलं, माझं लक्ष हातात असतं." ती थोडी हसली. "दुसरं काही सांगताच आलं नाही."

चिठ्ठीतलं ते वाक्य मंजुश्रीनं मनात पुन्हा वाचलं. आपण बरोबर पाहिलं होतं आणि त्याचा अर्थ चुकीचा लावला होता, आणि ही चूक दुसऱ्याच कुणीतरी निस्तरली होती. माफी मागावी तर ती मागण्याची जागाही निघून गेली होती. "मी शनिवारी समारोपाला येते," एवढंच ती म्हणाली.

सोमवारी सकाळी वर्गात शिरताच तिला वेगळीच शांतता जाणवली. दोनशे ऐंशी मुलं, सगळे हात बाकावर, आणि सगळ्यांनी व्हिडिओ पाहिलेला. तिनं माईक लावला, मज्जासंस्थेचा धडा उघडला, फळ्यावर बाण काढले. उद्दीपन, ग्राही पेशी, मज्जारज्जू, स्नायू, प्रतिसाद. तिसऱ्या बाकावरच्या अंबिकानं हात वर केला. किनवटकडची मुलगी, फारसं न बोलणारी.

"मॅडम, विचारू का? धड्याचंच आहे." मग तिनं धीर गोळा केला. "त्या व्हिडिओत तुम्ही काय करून राहिल्या होत्या?"

कुणीतरी खुसखुसलं आणि लगेच थांबलं. मंजुश्रीला वाटलं, आता रागवायला हवं. राग येत नव्हता. हा तिचाच प्रश्न होता, आणि दुसऱ्या कुणाच्या तोंडून तो जास्त सोपा वाटत होता. "मला माहीत नाही," ती म्हणाली. माईकमधून तो आवाज मागच्या भिंतीपर्यंत जाऊन आला. त्या हॉलमध्ये हे शब्द तिनं कधी उच्चारले नव्हते. माहीत नाही म्हणणाऱ्या मास्तरांकडं लातुरात कुणी पोरं पाठवत नाही. "शोधतेय मी."

"रिफ्लेक्स म्हणायचं का मग ते?" अंबिका खरंच विचारात पडली होती.

"रिफ्लेक्स इतका वेळ घेत नाही. मी तीन-चार मिनिटं नुसती उभी होते."

"मग ऐच्छिक?"

"मी ठरवलं नव्हतं."

"मग पुस्तकात दोनच प्रकार दिलेत, मॅडम."

"हो," मंजुश्री म्हणाली. "दोनच दिलेत." अंबिकानं खाली मान घालून वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं असेल ते बघावं अशी मंजुश्रीला फार इच्छा झाली, पण तास पुढं न्यायचा होता.

मंगळवारी संस्थेच्या संचालकांनी, आदिनाथ सरांनी, बोलावलं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी चहा मागवला, परीक्षेचं विचारलं आणि मग म्हणाले, "मॅडम, दोन पालकांचे फोन आले. एक म्हणाले, मॅडमची तब्येत बरी हाय ना. मी म्हटलं, एकदम ठणठणीत. पण तुम्ही वर्गात म्हणाल्या म्हणे, मला माहीत नाही म्हणून."

"माहीत नव्हतं सर."

"नसंल. पण पोरं नऊ-नऊ तास बसतात ते आपल्याला माहीत हाय म्हणून बसतात." ते चष्मा पुसायला लागले. "शनिवारी चारला तुमचं एक जादा लेक्चर लावलंय. म्हणजे तिकडं प्रदर्शनात परत काही नको. निघून जाईल सगळ्यांच्या डोक्यातून."

"शनिवारी मी येणार नाही, सर," मंजुश्री म्हणाली. किती सहज म्हणाली याचं तिला जिन्यात आल्यावर आश्चर्य वाटलं. बावीस वर्षांत तिनं एकही तास चुकवला नव्हता. अप्पा गेल्याच्या तिसऱ्या दिवशीही ती फळ्यापुढं उभी होती. पाय थोडे थरथरत होते. तिनं कठड्याला धरून त्या थरथरीकडंही नीट बघितलं. पोटऱ्यांमध्ये होती, गुडघ्याच्या वर नव्हती.

बुधवारी दुपारचे तास संपवून ती एसटीनं उदगीरला गेली. तिची आई गुरम्मा तिथं मंजुश्रीच्या भावाकडं असते, शहात्तर वर्षांची, कपाळावर विभूतीचे ठळक पट्टे, गळ्यात इष्टलिंग, ऐकायला अजून नीट येतं. ती अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून शेंगा फोडत होती.

"काय गं यव्वा, कामाच्या दिवशी? भांडून आलीस का जावईबापूंशी?"

"नाही अव्वा. एक विचारायला आले. इस्लापूरला अप्पा गाडीला कडी द्यायचे ना, फलाटावर उभं राहून?"

गुरम्मा शेंगा फोडायची थांबली. "कडी? तुझे अप्पा तिकीट खिडकीत बसायचे. दम्याचा माणूस, धुराजवळ कोण उभं करील त्यांना? कडी द्यायचा तो सटवाजी. स्टेशनवरचा खलाशी. तू सारखी त्याच्या मागं मागं पळायचीस, म्हणून मार खाल्लास माझा."

सटवाजी. नाव ऐकल्याबरोबर मंजुश्रीला एक पिवळे दात असलेलं हसू दिसलं आणि खाकी पँटच्या वर अप्पांचा चेहरा बसेना. रविवारी ती एका माणसाच्या धडावर दुसऱ्याचं डोकं ठेवून गहिवरली होती. "आणि सहस्रकुंडला? तू काठावर हात असा करून उभी होतीस, मला मागं धरून."

"मी कुठं आले गं धबधब्याला? तुझा भाऊ पोटात होता तवा. तू शाळेसंगं गेलीस. मी आजतागायत बघितला न्हाई तो." मग तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "बघायचा मात्र राहिला."

मंजुश्री पायरीवर बसली. दोन्ही गेले. वाईट वाटायला हवं होतं, पण घरातलं एखादं जड कपाट हलवल्यावर त्यामागची भिंत कशी नवीन दिसते तसं काहीसं वाटत होतं. तिनं आईला सगळं सांगितलं. चित्र, काळा पट्टा, हात. गुरम्मानं शांतपणे ऐकून घेतलं, मांडीवरचं सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "कर बरं एकदा." मंजुश्रीनं करून दाखवलं. "असा?" म्हणत गुरम्मानं बसल्या बसल्या आपला डावा हात उचलला. मनगट एकदा मोडून वाकडं बसलेलं, दंडावरची कातडी सैल. तो हात खुर्चीच्या मागं जाऊ लागला, अर्ध्यात अडकला, पुन्हा निघाला. मान उजवीकडं वळली. म्हातारीनं डोळे मिटले होते. आपल्या आईला काहीही कामाचं नसलेलं करताना मंजुश्रीनं आजवर कधी पाहिलं नव्हतं. हात हलला तर भाकरी व्हायची, अंगण झाडलं जायचं, लेकराच्या पाठीत धपाटा बसायचा. हा हात मात्र नुसताच जात होता, आणि फार देखणा जात होता.

"हे माझं न्हाई," गुरम्मा डोळे उघडून म्हणाली. "आमच्या घरात असं कुणी करत नव्हतं." मग खांदा चोळत, "पण मोकळं वाटलं बघ. त्या चित्रवाल्या मास्तरला विचार की. त्यानं काय घातलंय त्यात."

शनिवारी चार वाजता चित्रकार शेषेराव आलेले होते. बहात्तर वर्षांचे, पांढरा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी, जिल्हा परिषदेच्या शाळेत तेहतीस वर्षं चित्रकला शिकवलेले. तब्येतीमुळं ते पहिल्या दिवशी आले नव्हते. चित्रं टेम्पोनं पाठवून दिली होती. वीस-पंचवीस माणसं जमली होती. ऋतुजा त्यांना एकेका चित्रापुढून नेत होती आणि मंजुश्री चार पावलं मागून चालत होती, विचारायचा प्रश्न मनात जुळवत. सातव्या चित्रापाशी शेषेराव थांबले. मान एका खांद्यावर टाकून बघितलं, मग दुसऱ्या खांद्यावर.

"ऋतुजाताई," ते म्हणाले, "हे उलटं लागलंय की."

ऋतुजाचा चेहरा उतरला. "सर, सही दिसली नाही कुठं—"

"सही मागं असती माझी. पुढं लिहिलं की चित्र बिघडतं." त्यांना राग आलेला नव्हता, जरा गंमतच वाटत होती. "मांजरा नदीची रेती हाय ही, आमच्या बिलोलीकडची. वर रेती, खाली डोह. उन्हाळ्यात उरतो तेवढा. अन् ही गाडीवाट, उताराला लागून पाण्यात गेलेली."

जड खाली होतं. हलकं वर. मंजुश्रीची कानशिलं पहिल्यांदाच तापली. ज्या चित्रापुढं गेलेल्या हाताचा उगम ती आठवडाभर शोधत होती ते चित्र मुळात तसं नव्हतंच. टेम्पोतून उतरवणाऱ्यानं खिळ्याला कसंतरी अडकवलं होतं आणि त्यापुढं ती उभी राहिली होती. अप्पा नाहीत, अव्वा नाही, आणि आता चित्रकारही नाही. ऋतुजा तिच्याकडं वळली, डोळ्यांत पाणी आलेलं. "मॅडम, चुकलं माझं. मी टांगताना बघायला पाहिजे होतं. तुमचा एवढा—"

"अगं, असू दे," मंजुश्री म्हणाली. मग शेषेरावांना तिनं झालेलं सगळं सांगितलं, न लपवता, उभ्या उभ्या, लोक ऐकत असताना. ते मान हलवत होते. "आभाळ खाली उतरलंय आणि वाट त्याच्यात चाललीय, असं वाटलं होतं मला, सर. म्हणजे तेव्हा वाटलं नव्हतं. आता सांगताना वाटतंय."

"तसं बी हाय म्हणा," शेषेराव म्हणाले. "मी डोहाच्या काठाला बसून काढलं. तुम्ही बहुतेक आतून बघितलं." थोडं थांबून, "हात का गेला ते मला बी ठावं न्हाई, बाई. मी हाताचं काही घातलं नव्हतं त्यात." मग त्यांनी फ्रेमला दोन्ही बाजूंनी धरलं, ऋतुजानं मदत केली, आणि चित्र सरळ झालं. "ठेवायचं का उलटंच? तुमचं तसं जमलं होतं. माझी हरकत न्हाई."

"नको सर. सरळच राहू द्या. बघू द्या मला."

ती पुढं झाली. लोक आपोआप अर्धगोलात मागं सरले. दारात अमरेश आलेला तिला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसला, मिलवरून तसाच, भुवया पिवळ्या, मठात शिरावं तशा दोन्ही चपला हातात घेतलेल्या. तिनं चित्राकडं बघितलं. वर रेती, खाली काळं पाणी. काहीच झालं नाही. एक मिनिट गेलं, दोन गेली. हात बाजूला लोंबत होते, जड, नेहमीचे. कुणीतरी खोकलं, कुणाचा तरी फोन वाजून बंद झाला. तिला माहीत होतं की ती तो हात नेऊ शकते. घरी तीस-चाळीस वेळा नेलेला, खांद्याचा कोन, बोटांमधलं अंतर, मानेचं वळण सगळं पाठ झालं होतं, आणि नेला तर इथं कुणालाच फरक कळणार नव्हता. शेषेराव खूश झाले असते, ऋतुजाचा जीव भांड्यात पडला असता, वर्गातल्या मुलांनाही नवीन व्हिडिओ मिळाला असता. फक्त तिला कळलं असतं. तिनं हात जिथं होते तिथंच राहू दिले.

तो डावा हात कुणाचाच नव्हता, हे तिला तिथं उभ्या उभ्या हळूहळू उमगत गेलं. कुणाकडून आलेला नव्हता, कुणाला परत द्यायचा नव्हता. चाळीस वर्षांत शिकलेलं आणि बावीस वर्षं शिकवलेलं सगळं दुसऱ्या कुणाचं तरी होतं, आणि ते तसंच असतं, त्यात काही वाईट नव्हतं. पण एवढा एक हात मात्र तिचा होता, उलट्या चित्रापुढं, एकदाच. तो आता येणार नव्हता. आपल्याला वाईट वाटतंय का ते तिनं तपासून पाहिलं. वाटत नव्हतं. पुढं काय येतं ते बघायचं होतं.

"मंजू, बस की जरा," अमरेश दारातून हलक्या आवाजात म्हणाला. "पाय दुखतील."

"थांबा थोडं," ती मागं न बघता म्हणाली.

चौथं मिनिट गेलं असेल. रेतीची जागा वर किती मोकळी आहे आणि ती तशीच कशी राहते, खाली का पडत नाही, असं ती बघत होती. नाव देत नव्हती. मग तिच्या उजव्या पायाची टाच जमिनीवरून सुटली, अगदी थोडी, एक कागद सरकवता येईल एवढी. ती टाचेकडं न बघता तिच्याकडं लक्ष देऊन उभी राहिली.